राऊतकाकांच्या रंगांची फाईल

राऊतकाकांचा किस्सा तुम्ही माझ्या तोंडून ऐकला असण्याची शक्यता बरीच आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात लग्न असो, बारसं असो, कुणाचा निरोप समारंभ असो, मला एक खुर्ची आणि चार कान मिळाले की मी सुरू होतो, आणि सुरू झालो की तो किस्सा येतोच. खंडेनवमीचा दिवस, कंप्युटरला झेंडूचा हार, एक खाष्ट म्हातारा आणि त्याने स्वतःच्या हाताने पुसलेली फाईल. लोक पोट धरून हसतात. मी राऊतकाकांचा आवाज काढतो, त्यांचं पडद्याला नाक लावून बघणं करून दाखवतो. नक्कल मला चांगली जमते. यात खोटी नम्रता कशाला?

आज मी तोच किस्सा सांगणार आहे, पण खरा. हा अजून कुणाच्याही कानावर गेलेला नाही. बायकोच्याही नाही. आणि अडचण अशी की हा नक्कल करून सांगता येत नाही. हसवता येत नसेल तर मी नेमकं काय करायचं — हे मला या वयातही नीट कळलेलं नाही. तुम्ही सांभाळून घ्याल असं धरून चालतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याचा एक कारखाना होता. आता बंद आहे, पत्रे उडालेत, म्हणून नाव राहू दे. मागच्या नाल्याच्या पाण्यावरून आत कुठला रंग चालू आहे ते बाहेर कळायचं. मी तिथे कंप्युटर बघायचो. अख्ख्या कारखान्यात एक कंप्युटर! त्याला स्वतःची थंडगार खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, मोठ्याने बोलायचं नाही. देवघरच ते. आणि पुजारी मी. वय तिशीच्या आत, पालघरच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटकात मुख्य भूमिका — मग खोलीतही नाटक होणारच की नाही?

त्यात माझा एक खास प्रयोग होता. कुणाकडून फाईल चुकून पुसली गेली की मला हाक यायची. आता आतली गंमत सांगतो. पुसलेली फाईल लगेच जात नाही. कंप्युटर फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतो आणि ती जागा रिकामी आहे असं मानतो. मजकूर तिथेच पडलेला असतो — त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. तेवढ्यात पहिलं अक्षर भरलं की फाईल परत. बस, एवढंच. पण मी ते एवढंच ठेवीन? मी बाह्या सरसावायचो, डोळे मिटायचो, आणि अकाउंटमधल्या कुलकर्णीबाईंना खर्जातल्या आवाजात म्हणायचो, "बालिके, पहिलं अक्षर सांग!" बाई घाबरून अक्षर सांगायच्या, फाईल अवतरायची, टाळ्या. बॉयलरवरचे मिश्राजी दारातून ओरडायचे, "डॉक्टर साब ने मुर्दा खड़ा कर दिया!" तेव्हापासून माझं नाव डॉक्टर पडलं. मला ते फार आवडायचं.

राऊतकाका मात्र मला डॉक्टर म्हणत नसत. ते आमचे रंगमास्तर. एडवणहून यायचे, कारखान्यातले सगळ्यात जुने. गिऱ्हाइकाकडून कापडाचा तुकडा आला की ते तो घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचे. त्या खिडकीपुढे कुणी उभं राहिलं तर शिवी ठरलेली. तुकडा उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, "निळा हाय, त्यात लाल चिमूटभर, आणि पिवळ्याचा नुसता वास." आणि तसाच रंग उतरायचा. शेठसुद्धा त्यांना वचकून असायचे. जीभ अशी की मिरची बरी. माझ्या खोलीत डोकावून म्हणायचे, "काय रे नंद्या, तुझा हा डबा पगार करतो. रंग करतो काय?" मी त्यांची नक्कल करायचो हे त्यांना माहीत होतं. एकदा पाठीमागे उभं राहून त्यांनी पुरी बघितली आणि म्हणाले, "चाल बरोबर हाय. नाक नीट काढ. आमचं नाक मोठ्या घराण्यातलं हाय."

मला ते आवडायचे. हे इथेच सांगून टाकतो, पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

एका दुपारी आम्ही नाल्याच्या कडेला बिडी ओढत उभे होतो. काका पाण्याकडे बघत म्हणाले, "आज निळा काढलाय वाटते." पाणी हिरवं होतं. बाटलीसारखं हिरवं. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत. बिडी विझवून म्हणाले, "साखर हाय मना. डॉक्टर बोलला, डोळे जायचे. हळूहळू जायचे, पण जायचे. कुनाला बोलू नको, नंदू."

नंद्या नाही — नंदू.

त्यांचा बेत त्यांनी मला तिथेच सांगितला. आत्तापर्यंत रंगाचं सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं. हाताच्या अंदाजाने भुकटी घ्यायची आणि डोळ्याने ठरवायचं. वहीत लिहिलं तर वही कुणी उचलून शेजारच्या कारखान्यात विकेल, ही त्यांची जुनी भीती. आता मात्र डोळे आहेत तोवर एकेक रंग खिडकीशी पक्का करायचा, कुठली भुकटी किती पडली ते तोलायचं आणि तो आकडा माझ्या डब्यात घालून ठेवायचा. मग डोळे गेले तरी चालेल. फाईल उघडायची, आकडा वाचून घ्यायचा, हाताखालच्या माणसाला सांगायचं एवढं टाक. निवृत्तीपर्यंत रंगमास्तर म्हणून उभं राहता येईल. कुणाला कळणार नाही. "खिडकीपासून कुनी उठवता नये मना," ते म्हणाले. एवढंच हवं होतं त्यांना. त्या खिडकीशी उभं राहणं.

मी म्हणालो, करू की काका.

आणि केलं. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत, रोज जेवणाच्या सुट्टीत काका चपला काढून आत यायचे, एका बोटाने टाइप करायचे. मी अक्षरं मोठी करून दिली होती. पुढे तीही पुरेनात, मग नाक पडद्याला. शाळेच्या गणवेशाचा निळा, बँडवाल्यांचा लाल, नर्सबाईंच्या पट्टीचा हिरवा... एकेक रंग आत जात होता आणि बाहेर त्यांच्या डोळ्यांतून एकेक कमी होत होता. कागदावर छापून ठेवू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाले, कागद फिरतो. पण दर शनिवारी निघताना एक प्रश्न मात्र विचारायचे.

"फ्लॉपी घेतलीस ना रे?"

"घेतली काका."

कंप्युटर बिघडला, चोरीला गेला, जळाला, तरी काम बुडू नये म्हणून दर शनिवारी सगळ्या फायलींची नक्कल फ्लॉप्यांवर उतरवायची, एक जोडी कपाटात, एक माझ्या घरी पालघरला — हे माझं काम होतं. त्याचाच पगार होता म्हणा ना. करायला सोपं, पण कंटाळवाणं. एक फ्लॉपी घाला, कुरकुर ऐका, ती काढा, दुसरी घाला. आणि शनिवारी माझी तालीम असायची! तेव्हा मी काय करायचो? फ्लॉपीवरचं जुनं लेबल काढून नवं चिकटवायचो. सुंदर अक्षरात तारीख. आत मात्र मित्रांकडून आणलेले खेळ असायचे. साप, विमान, पत्ते. काकांची फाईल त्या फ्लॉप्यांवर अगदी सुरुवातीला एकदा गेली असेल नसेल. पुढे त्यांच्यावर खेळच होते.

घेतली काका. घेतली काका. किती शनिवार? मोजायला बसत नाही. एकाही शनिवारी माझा आवाज चाचरला नाही, एवढं सांगतो. नट चांगला होतो.

तर खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून चकचकीत करतात, हळदकुंकू वाहतात, हार घालतात, नारळ फोडतात. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत. बॉयलरसुद्धा थंड. काकांचे तराजू, पळ्या, बादल्या सगळं त्यांनी स्वतः घासलं. आणि मग त्यांच्या मनात आलं — आपलं अजून एक हत्यार आहे की! तेही साफ नको करायला?

मी पेढे आणायला बोईसरच्या बाजारात गेलो होतो. काका खोलीत गेले. त्यांच्या दोन फायली होत्या. एक शिकताना केलेली, कच्ची, कचऱ्यासारखी. आणि दुसरी खरी. पूजेआधी कचरा काढावा म्हणून ते कच्ची पुसायला बसले. नावं जवळजवळ सारखी, मीच दिलेली. डोळे तसे. त्यांनी खरी पुसली.

किस्सा सांगताना मी इथे सगळ्यात मोठा हशा घेतो.

चूक झाली हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. आणि मग त्यांनी काय केलं, ते नीट ऐका, कारण माझ्या किश्श्यात हे कधीच नसतं. त्यांनी काहीही केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी आलो तेव्हा भटजी हळदकुंकू वाहून गेले होते, कंप्युटरला हार होता, आणि काका तसेच बसलेले. "नंदू, रंगांची फाईल पुसली गेली माझ्या हातान," ते हळू म्हणाले. मी म्हणालो, "एवढंच ना? आत्ता आणतो." ते म्हणाले, "आज नको रे. पूजा झालीय. उद्या बघ. आज कुनी हात लावू नये."

त्यांचं ऐकलं असतं तर? तो कंप्युटर तसाच बंद ठेवून दुसऱ्या दिवशी मुंबईचा इंजिनियर आणला असता, तर फाईल मिळाली असती. जवळजवळ नक्की मिळाली असती. त्या जागेवर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं.

पण दारात माणसं जमली होती. पेढे, नवे कपडे, कामाला सुट्टी. मिश्राजी ओरडले, "डॉक्टर साब, आज ऑपरेशन हो जाए!" कुलकर्णीबाई हसत होत्या. मॅनेजरही येऊन उभे राहिले. इतकं भरलेलं थिएटर मला कारखान्यात कधीच मिळालं नव्हतं. आणि माझ्याकडे एक नवं सॉफ्टवेअर होतं, पुसलेल्या फायली आणणारं, जुन्यापेक्षा कितीतरी झगमगीत — रंगीत पट्टे, सरकणारी रेघ. ते फ्लॉपीवरून चालवलं तर रखडायचं. प्रयोग पडला असता. म्हणून मी ते कंप्युटरच्या डिस्कवर चढवलं.

त्याच डिस्कवर.

त्याच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की ज्या डिस्कवरची फाईल गेली आहे तिच्यावर हे चढवू नका, ते जाऊन नेमकं त्या रिकाम्या जागेवर बसेल. आता तुम्ही विचाराल, वाचलं नव्हतंस का? वाचलं होतं. डिस्क भरत आलीय, मोकळी जागा फारशी उरलेली नाही, हेही मला माहीत होतं. वाटलं, एवढं काही होत नाही.

मी डोळे मिटले. बाह्या सरसावल्या. "पहिलं अक्षर सांगा, राऊतमहाराज!" हशा. काका हसले नाहीत, पण अक्षर सांगितलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: या जागेवर आता दुसरी फाईल आहे, पुढे जायचं का? मी पुढे गेलो. नाव अवतरलं. टाळ्या पडल्या. काका खुर्चीतून अर्धे उठले.

मी फाईल उघडली. आत चिन्हांचा चिखल, आणि त्याच्याखाली स्वच्छ इंग्रजी परिच्छेद. ती त्या सॉफ्टवेअरचीच माहिती होती. गेलेल्या फायली परत कशा मिळवाव्यात त्याची. काकांचे सगळे निळे, लाल, हिरवे जिथे होते, तिथे आता ती बसली होती.

मला क्षणात कळलं. बाकी कुणाला ते वाचताही आलं नसतं, कळणं तर दूरच. काका पडद्याला नाक लावून विचारत होते, "आली काय? आली काय रे?"

इथे मी थांबू शकलो असतो. काका, मी घालवली — तीन शब्द होते. मॅनेजर मागे उभे. माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते हे: "काका, पुसल्यानंतर तुम्ही आणखी काहीतरी दाबलंत. त्याच्यावरच दुसरं लिहिलं गेलं."

"मी? नाय रे, मी तर हात..."

"दाबलंत काका. इथे दिसतंय ना." आणि मी पडद्यावरच्या इंग्रजी मजकुराकडे बोट दाखवलं. ज्याला दिसत नाही त्याला मी दाखवत होतो. ज्याला दिसत नाही हे फक्त मला माहीत होतं.

काकांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "दाबलं असेल."

मॅनेजरनी विचारलं, "बॅकअप?" मी म्हणालो, फ्लॉप्यांना बुरशी आलीय, समुद्राची हवा, या भागात टिकत नाहीत. ते म्हणाले, आण, बघू. आणि काका मध्ये बोलले. "पोराला कशाला छळता साहेब? सणाचा दिस हाय. माझ्याच हातान गेली." मला पाठीशी घालायला! मॅनेजर पेढा खात निघून गेले.

मग मी काय केलं सांगू? सगळे गेल्यावर कपाटातल्या फ्लॉप्यांवरचे खेळ पुसले, त्या घरी नेल्या, न्हाणीच्या भिंतीवरची बुरशी खरवडली, ती त्यांच्या आतल्या तबकड्यांवर बोटाने लावली आणि परत आणून कपाटात ठेवल्या. बघायला मागितल्या तर तयारी असावी म्हणून. कुणी कधी मागितल्या नाहीत.

काकांनी पुन्हा सुरुवात करून बघितली. खिडकीशी तुकडा धरायचे, फिरवायचे, डोळ्यांजवळ न्यायचे. जेवणाच्या सुट्टीत चपला काढून खोलीत यायचे, मग मी काहीतरी कामाचं निमित्त काढून उठायचो. निळा आणि हिरवा त्यांना वेगळे दिसेनासे झाले होते. दिवाळीनंतर शाळेच्या गणवेशाचा एक आख्खा लॉट चुकीच्या रंगात निघाला. नाल्यात पाणी बघून आम्हा सगळ्यांना कळलं, फक्त त्यांना कळलं नाही. शेठ खाली आले. ओरडले नाहीत — ओरडले असते तर काकांनी उलट ऐकवलं असतं. शेठ नुसते म्हणाले, "काका, आता घरी आराम करा." खिडकीशी दुसऱ्याच आठवड्यात एक नवा माणूस उभा राहिला, रंग मोजायचं मीटर घेऊन.

काका कारखाना सोडून गेले त्या दिवशी माझ्या दाराशी आले. चपला काढून. म्हणाले, "तुला उगाच ताप झाला माझा." मी म्हणालो, "छे हो काका." तेवढंच म्हणालो.

किस्सा मी पहिल्यांदा कधी सांगितला? त्याच वर्षाच्या अखेरीस, कारखान्याच्या सहलीत, केळव्याला. कुणीतरी आग्रह केला. हशा पडला आणि मला काय वाटलं माहितीये? मोकळं वाटलं. प्रत्येक वेळी सांगताना ते थोडं आणखी खरं होत गेलं. काकांनी एक कळ दाबली होती, मग चार झाल्या, मग ते सगळ्या कळांवर हळद टाकतात असंही मी घातलं. ते सगळ्यात चालतं.

मागच्या वर्षी कुलकर्णीबाईंच्या मुलीचं लग्न होतं, पालघरला. जुनी मंडळी जमली, पंगती आटोपल्या आणि मिश्राजी म्हणाले, "डॉक्टर साब, वो रंगवाला किस्सा!" मी उभा राहिलो. रंगात आलो. नाक पडद्याला लावतानाची नक्कल केली, आणि मान वर करतो तो मागच्या खुर्चीत राऊतकाका. काळा चष्मा, हातात काठी, शेजारी त्यांची मुलगी सुलभा. काठीवर दोन्ही हात आणि मान माझ्या आवाजाच्या दिशेने.

मी थांबलो असेन असं तुम्हाला वाटतंय का? मी शेवटपर्यंत सांगितला. हळदीसकट.

सगळ्यात मोठ्याने काका हसले. "अस्संच झालं!" ते सगळ्यांना म्हणाले. "मी आंधळा, मीच पुसली. या पोरान लय खटपट केली, लय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलभा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नाही, नुसती बघत होती.

त्यांना रिक्षापर्यंत मीच सोडायला गेलो. हात धरून. पायरीवर ते थांबले आणि विचारलं, "नंदू, नवरीचा शालू कुठल्या रंगाचा हाय?"

"लाल."

"लाल म्हंजे? लाल लय असतात रे."

मी मागे वळून बघितलं. नवरी दारात उभी होती, दिव्याखाली. मला लाल दिसत होता. नुसता लाल. "लालच, काका," मी म्हणालो. "बरं," म्हणाले, आणि वाकून रिक्षात बसले.

सुलभा मला मध्ये बाजारात भेटली होती. काका बरे आहेत म्हणाली. अंगणात बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. कारखान्याचा विषय निघाला की सगळ्यांना सांगतात, की आयुष्यभर जमवलेलं मी एका दिवसात माझ्याच हातान घालवलं.

त्यांच्या हाताने गेलं नाही. ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

पालघरहून एडवणला एसटी जाते. मी गेलेलो नाही.